वाळवंटातलं हजार वस्तीचं सोन्याचं गाव

इजिप्त म्हटलं की पिरॅमिड, ममी आणि तुतनखामुनचा मुखवटा डोळ्यांपुढे येतो. पण तिथलं सोनं खणून काढणारी माणसं राहायची कुठे? त्यांची घरं बघायची असतील तर पूर्वेच्या वाळवंटात बीर उम्म फवाखीरला जायला हवं. नाईल नदी आणि तांबडा समुद्र यांच्या जवळजवळ मधोमध ही जागा आहे. नाईलकाठच्या किफ्तहून तांबड्या समुद्रावरच्या कुसेरला जाणारा रस्ता वादी हम्मामात या कोरड्या खोऱ्यातून जातो आणि त्याच वाटेवर हे गाव लागतं.

गावाची ओळखच चुकली होती. बरीच वर्षं या अवशेषांना रोमन काळातला व्यापारी तांड्यांचा थांबा समजत. १९९२पासून शिकागो विद्यापीठाच्या कॅरोल मेयर यांच्या चमूने घर न् घर मोजून नकाशे काढले आणि चित्र पालटलं. हे होतं इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातलं, बायझंटाइन अमलातलं खाणकामगारांचं गाव. २००पेक्षा जास्त इमारती आणि हजाराच्या आसपास वस्ती!

नकाशा काढायला फारसं खणावंही लागलं नाही. छपरं गेली, पण भिंती उभ्या आहेत. चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचलेल्या. दोन-तीन खोल्यांची घरं, भिंतीत कोनाडे, बसायला दगडी कट्टे. दोन्ही बाजूंना घरं आणि मधला वाळूचा ओढा हाच गावाचा हमरस्ता. आजही त्याच रस्त्याने गावात शिरता येतं. देवळं आणि थडगी खूप जपली गेली. कष्टकऱ्यांचं अख्खं गाव असं समोर येणं फार दुर्मीळ, आणि मला तरी ते कोणत्याही मुखवट्यापेक्षा मोलाचं वाटतं.

तटबंदी नाही! सोन्याचं गाव, पण भोवती कोट नाही. म्हणूनच इथले कामगार बेड्यांतले कैदी नसावेत, मजुरीवर येऊन राहिलेले असावेत, असं अभ्यासक मानतात. सगळीकडे मात्र असं नव्हतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अगाथार्किडीस या ग्रीक लेखकाने तेव्हा इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी राजांच्या खाणींचं वर्णन केलं आहे: पायांत बेड्या, रात्रंदिवस काम, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांनाही सुटका नाही. त्याचं मूळ पुस्तक हरवलं. हा मजकूर डायोडोरस आणि फोटियस यांनी उतरवून घेतला म्हणून टिकला. तो वाढवून सांगत असेल, असं म्हणायला जागा होती. पण याच वाळवंटातल्या घोझा इथल्या टॉलेमीकालीन खाणवस्तीत फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना पायात घालायच्या लोखंडी बेड्याच सापडल्या.

सोनं निघायचं कसं? ग्रॅनाइटच्या डोंगरात पांढऱ्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरा असतात आणि त्यांत सोन्याचे बारीक कण. शिरेमागोमाग चर खणत जायचं, दगड फोडायचा, मग खळगे पडलेल्या दगडांवर ठेचायचा. त्यानंतर जातं. दगडी जात्यात ती गार पिठासारखी होईपर्यंत दळायची, मग धुवायची, म्हणजे हलकी भुकटी वाहून जाते आणि जड सोनं तळाशी राहतं. गार ही पोलादापेक्षा कठीण. ती हाताने दळायची म्हणजे खांदे भरून येत असणार, आणि उडालेली धूळ थेट छातीत. या वस्तीतले दळायचे दगड बघितले की सोन्याच्या भावात कधीच न धरलेली ही मेहनत दिसते.

वाळवंटात पाणी कुठलं? ग्रॅनाइटच्या भेगांत साठलेलं. विहीर होती म्हणूनच गाव होतं. धान्य मात्र नाईलच्या काठावरून जनावरांच्या पाठीवर यायचं.

जगातला सगळ्यात जुना भूशास्त्रीय नकाशा याच परिसराचा! इसवी सनापूर्वी साधारण ११५०मध्ये, फॅरो चौथ्या रामसेसच्या काळात, अमेननख्त नावाच्या लेखनिकाने तो पपायरसवर काढला. काळे डोंगर एका जातीच्या दगडाचे, गुलाबी डोंगर सोन्याचे. शिवाय रस्ते, विहीर, देऊळ आणि खाणकामगारांची घरंही दाखवलेली. म्हणजे बायझंटाइन गाव वसण्याच्या दीड हजार वर्षांहून आधीपासून इथे सोनं निघत होतं. नकाशा इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. त्याच रामसेसने वादी हम्मामातच्या खोऱ्यात दगडासाठी आठ हजारांहून जास्त माणसं पाठवली होती. तिथल्या शिलालेखात मेलेल्यांचा आकडाही कोरला आहे: ९००.

दगड निवडला हरिणीने. त्याहीपूर्वी, चौथा मेंतुहोतेप या राजाच्या काळात, त्याच्या शवपेटीच्या झाकणासाठी माणसं इथे शिळा शोधत होती. एक गाभण हरिणी माणसांसमोर आली आणि एका शिळेवर व्याली. हाच देवाचा कौल मानून तीच शिळा घेतली. हरिणीचा मात्र तिथेच बळी दिला! हेही खोऱ्यातल्या कातळावर कोरलेलं आहे.

आणि आपला संबंध? इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुसेरजवळच्या मायोस होर्मोस बंदरात भारतातून आलेला माल उतरायचा आणि याच खोऱ्यातून उंटांवरून नाईलकडे जायचा. त्या काळच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत, पैठण आणि तेर या बाजारपेठाही आहेत. तेरचं कापड बैलगाड्यांतून भडोचला जायचं, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रात.

जायचं तर हिवाळ्यात जा, जाणता वाटाड्या आणि भरपूर पाणी बरोबर घ्या, आवश्यक परवानग्या आधीच काढा. आणि दगड हलवू नका. भिंतींना धरून ठेवणारं दुसरं काहीच नाही.