मातीतून वर आलेले लोखंड

खनिजापासून भट्टीत काढलेले लोखंड हवा आणि ओल मिळताच पुन्हा खनिजाच्या रूपाकडे वळू लागते. काही शतके जमिनीत पडून राहिलेल्या वस्तूत हा प्रवास बराच पुढे गेलेला असतो. मेटल डिटेक्टरने हेरून उकरलेला खिळा, नाल, कुऱ्हाड, कुलूप किंवा तोफगोळा हाती येतो तो बहुधा तपकिरी, ओबडधोबड ढेकळाच्या रूपात. आत कधी भक्कम धातू शिल्लक असतो, कधी गंजाच्या दोन थरांमध्ये पातळ पत्रा उरलेला असतो, तर कधी धातू पुरता संपून गंजाने नुसता आकार धरून ठेवलेला असतो. सोने मातीतून जसेच्या तसे निघते, तांब्या-कांशावर हिरवी पुटे चढलेली असतात. लोखंडाचा मात्र सर्वांत वेगवान नाश अनेकदा ते बाहेर काढल्यानंतरच सुरू होतो, आणि त्याच्या जतनाचे सगळे तंत्र या एका अडचणीभोवती उभे आहे.

गंज म्हणजे वस्तूवर बसलेली घाण, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. पुरलेल्या लोखंडाचा छेद घेतला तर मधोमध धातू, त्याभोवती मॅग्नेटाइट आणि गोथाइट या लोह-संयुगांचे काळसर ते तपकिरी घट्ट थर, आणि सर्वांत बाहेर वाळूचे कण, खडे व मुळांचे तंतू ज्यात अडकले आहेत असे भुसभुशीत वेष्टन दिसते. वस्तूचा मूळ पृष्ठभाग उरलेल्या धातूवर नसतो. धातू आत आक्रसत जातो आणि लोहाराने पाडलेली कड, खाच, ठशाची खूण या घट्ट थरांच्या आतच शिल्लक राहते. म्हणून चकचकीत धातू लागेपर्यंत घासलेली जुनी सुरी खऱ्या सुरीपेक्षा लहान आणि बेढब होते, आणि तिची धार कुठे होती हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

गंजात आणखीही काही सापडते. लोखंडाला लागून असलेले लाकूड, कापड, चामडे कुजण्याआधी लोहक्षारांनी भरून गेले, तर त्यांचे तंतू खनिजरूपाने टिकतात. नागपूर परिसरातील माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील शिलावर्तुळांच्या उत्खननांत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्यांचे लगाम निघाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. त्या कुऱ्हाडींपैकी काहींना दांड्याशी आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या आहेत. अशा पट्टीच्या आतल्या बाजूचा गंज तारेच्या ब्रशने काढला, तर दांड्याच्या लाकडाचा काही माग राहिला असेल तोही त्यासोबत जातो. खुद्द कुऱ्हाडीपेक्षा असा पुरावा दुर्मीळ असतो, कारण आपल्या हवामानात लाकूड स्वतंत्रपणे क्वचितच टिकते.

लोखंडाच्या जातीनुसार त्याचे झिजणेही बदलते. घडीव लोखंडात काचेसारख्या मळीचे लांबट तंतू असतात. गंज त्यांच्या रेषा धरून आत शिरतो आणि जुनी सळई लाकडासारखी उभी चिरते. बिडाच्या वस्तू, विशेषतः तोफगोळे, वेगळाच चकवा देतात. त्यातले लोह विरघळून जाते, पण ग्रॅफाइटचे जाळे आणि गंज आकार धरून राहतात. गोळा दिसायला अखंड, उचलायला मात्र अपेक्षेपेक्षा हलका, आणि वरचा थर चाकूने कापता येईल इतका मऊ. समुद्रातून काढलेले असे काही गोळे हवेत कोरडे होताना जोमदार ऑक्सिडीकरणामुळे तापल्याच्या नोंदी आहेत.

या सगळ्या नाशामागचा मुख्य गुन्हेगार मीठ आहे, नेमके सांगायचे तर त्यातले क्लोराइड. मातीत वा समुद्राच्या पाण्यात लोखंड गंजत असताना धनभारित लोह-आयनांचा तोल सांभाळण्यासाठी ऋणभारित क्लोराइड आत ओढले जाते आणि धातू व गंज यांच्या सीमेवर साठते. जमिनीत प्राणवायू कमी असल्याने तिथे एक सावकाश तोल साधलेला असतो. वस्तू वर काढली, की गंज वाळून तडकतो, फटींतून हवा आत जाते आणि साठलेल्या लोह-क्लोराइडचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल व अकागेनाइट नावाचे संयुग तयार होते. अकागेनाइटचे सुईसारखे स्फटिक जास्त जागा व्यापतात, त्यामुळे वरचे थर आतून उचलले जातात. पृष्ठभागावर पिवळट-तपकिरी थेंब येतात, त्यांना संवर्धक ‘घाम’ म्हणतात. थेंब वाळले की पोकळ फोड राहतात. काही आठवड्यांत खपल्या सुटू लागतात, आणि पेटीच्या तळाशी केशरी भुकटी जमू लागली की वस्तूचा मूळ पृष्ठभाग हातचा जात आहे असे समजावे.

उकरण्यापूर्वीच कायद्याचा विचार हवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी घेऊन डिटेक्टर वापरता येतो. तिथे १९९६चा ट्रेझर अॅक्ट लागू आहे आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ पासून काम करते. तरीही बहुतेक शोधक यंत्र लोखंडाचा आवाज गाळेल असे लावतात, त्यामुळे साध्या लोखंडी वस्तू मागे राहतात. भारतात स्थिती वेगळी आहे. १८७८च्या निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवान्याविना खणणे १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे. किल्ल्यावर गवतात दिसलेला गोळा घरी नेणे म्हणजे इतिहास वाचवणे नव्हे. तो पोकळ आणि दारूने भरलेला असेल, तर जिवावरही बेतते. अशा गोळ्याला न हलवता पोलिसांना कळवणे हाच एक मार्ग.

वैधपणे हाती आलेल्या वस्तूचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. नळाखाली धरून घासणे आणि उन्हात ठेवणे, या दोन्ही उत्साहाच्या चुका आहेत. जमिनीतून आलेली वस्तू मऊ ब्रशने सैल माती झाडून हवाबंद डब्यात, कोरड्या सिलिका जेलसोबत ठेवतात. समुद्रातून किंवा खाडीतून आलेली वस्तू मात्र कधीच वाळू देत नाहीत. ती थेट सोड्याच्या अल्कधर्मी द्रावणात जाते, कारण अल्कधर्मी पाण्यात लोखंड गंजत नाही. सापडल्याची जागा, खोली, शेजारी काय होते आणि छायाचित्र, हे सगळे त्याच वेळी टिपले जाते.

प्रयोगशाळेतले पहिले पाऊल क्ष-किरण चित्राचे. ढेकळाच्या आत धातू किती आणि कुठे, खिळा आहे की किल्ली, तडे कुठे, रुप्याच्या तारेचे जडावकाम आहे का, हे एका चित्रात कळते. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ साली निघालेली तलवार म्यानासह गंजून एकजीव झालेली होती. तिचे पाते पिळलेल्या सळया जोडून घडवले आहे हे क्ष-किरणांनीच दाखवले. ती म्यानातून सोडवण्याची गरजही पडली नाही. कधी कधी चित्रातच सफाईचा शेवट होतो: वस्तू इतकी जर्जर निघते की चित्र हाच तिचा सर्वांत चांगला दस्तऐवज ठरतो.

प्रत्यक्ष सफाई सूक्ष्मदर्शकाखाली, हाताने होते. शल्यकर्माची सुरी, दंतवैद्याचे फिरते अवजार, आणि हवेच्या झोतातून अॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी मारणारे यंत्र ही मुख्य साधने. बाहेरचे वाळूमिश्रित वेष्टन आणि आतला घट्ट थर यांच्या रंगात व कठीणपणात फरक असतो. तो हाताला ओळखता आला, की वेष्टन त्या सीमेवर टवका उडावा तसे सुटते. एका कुलपाला अनेक दिवस लागू शकतात. हे काम शिकायला हात जितका लागतो, तितकाच थांबायचे कुठे हे ठरवणारा विवेक लागतो.

घरगुती उपायांची यादी लांब आहे: व्हिनेगर, सायट्रिक आम्ल, बाजारातले गंजनाशक, आणि बॅटरीच्या चार्जरवर चालणारे विद्युत अपघटन. आम्ले गंज आणि धातू असा भेद फारसा करत नाहीत. ती मॅग्नेटाइटचा थरही खातात आणि फटींत मुरून राहतात. विद्युत अपघटनाचे तसे नाही, ते योग्य जागी उत्तम तंत्र आहे. वस्तू धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात ऋण टोकाला, साध्या पोलादाची पट्टी धन टोकाला जोडतात. क्लोराइड धन टोकाकडे ओढले जाते आणि वस्तूवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटून बाहेरचे वेष्टन सैल होते. पण धातूचा गाभा पातळ असेल, तर तेच बुडबुडे मूळ पृष्ठभागही उडवून देतात. म्हणून हे तंत्र नांगर, तोफ, जाड साखळदंड यांच्यासाठी राखून ठेवलेले बरे. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावणे टाळावे, त्यातून विषारी क्रोमियम संयुगे द्रावणात उतरू शकतात. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने बंद खोलीत हा प्रयोग करूच नये.

जाड बिडाच्या बाबतीत या तंत्राची ताकद ऑस्ट्रेलियात दिसली. जेम्स कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज १७७० साली ग्रेट बॅरियर रीफवर अडकले, तेव्हा ते हलके करण्यासाठी सहा तोफा समुद्रात टाकल्या होत्या. १९६९ साली एका अमेरिकी तुकडीने चुंबकमापकाच्या मदतीने त्या शोधल्या. प्रवाळाचे जाड कवच फोडल्यावर मेलबर्नच्या संरक्षण प्रयोगशाळेत कॉलिन पिअरसन यांच्या देखरेखीखाली विद्युत अपघटनाने त्यांतील मीठ काढण्यात आले.

याच पिअरसन यांनी नील नॉर्थ यांच्यासह १९७५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातून अल्कलाइन सल्फाइट पद्धत मांडली, आणि पुरातत्त्वीय लोखंडासाठी ती आजही सर्वाधिक विश्वासाची मानली जाते. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटच्या द्रावणात वस्तू बुडवून बंद भांडे सुमारे ६० अंश सेल्सियसवर ठेवतात. सल्फाइट पाण्यातला प्राणवायू संपवतो, त्यामुळे लोखंड गंजत नाही. अल्कलीतले हायड्रॉक्साइड क्लोराइडची जागा घेत त्याला बाहेर लोटते. द्रावण ठरावीक काळाने बदलतात, आणि काढलेल्या द्रावणात क्लोराइडचे मोजमाप करत राहतात. आकडा खाली येऊन स्थिरावला की काम संपते. ही पद्धतही सगळे क्लोराइड काढत नाही, बहुतांश काढते. शिवाय कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतो, त्यामुळे हे काम घराच्या मोरीत करण्याचे नाही.

मोठ्या वस्तूंना लागणारा काळ अचंबित करणारा असतो. अमेरिकी यादवी युद्धात १८६४ साली बुडालेली ‘हनली’ पाणबुडी २००० साली वर काढली. तिला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवता आले ते २०१४ साली, आधीची वर्षे आतला गाळ व अवशेष काढण्यात गेली. २००२ साली काढलेल्या ‘मॉनिटर’ युद्धनौकेच्या फिरत्या बुरुजाचे मीठ काढणे वीस वर्षांनंतरही चालूच होते. घाई करणारा मार्ग स्वीडनमध्ये वापरला गेला: १९६१ साली वर काढलेल्या ‘वासा’ जहाजाचे गोळे हायड्रोजनच्या भट्टीत अतिउच्च तापमानाला तापवून गंजाचे पुन्हा धातूत रूपांतर करण्यात आले. मीठ उडून गेले, आकार वाचला. मात्र अशा तापमानाला धातूची अंतर्गत रचना बदलते आणि ती वस्तू कशी घडवली हे सांगणारा पुरावा नाहीसा होतो, म्हणून ही रीत मागे पडली.

मीठ काढून झाल्यावर वस्तू शुद्ध पाण्यात धुतात आणि कोरडी करतात. त्यानंतर टॅनिक आम्लाचे हात देण्याची पद्धत आहे. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, तीच रासायनिक क्रिया इथे होते. टॅनिन लोहाशी जुळून निळसर-काळे लोह-टॅनेट तयार करते. त्याने वस्तूला गंभीर, एकसारखा रंग येतो आणि थोडे संरक्षणही मिळते, पण आत उरलेल्या मिठावर त्याचा इलाज नाही. शेवटी सूक्ष्मस्फटिकी मेण किंवा अॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळवता येणारे पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन लावतात. जवसाचे तेल, तैलरंग, वॉर्निश टाळणे चांगले: ती कालांतराने पिवळी पडून घट्ट होतात आणि काढता येत नाहीत. कोकणातल्या किल्ल्यांवरील तोफांना प्रेमाने फासलेल्या काळ्या रंगाखाली मीठ तसेच राहते आणि काही पावसाळ्यांनंतर रंगासकट पापुद्रे सुटतात.

लेप हवेतील ओल पूर्णपणे अडवत नाही, म्हणून साठवण हाच जतनाचा निर्णायक भाग ठरतो. कार्डिफ विद्यापीठात डेव्हिड वॉटकिन्सन आणि मार्क लुइस यांनी दाखवून दिले, की क्लोराइडयुक्त लोखंडाचा गंज पूर्ण थांबवायचा तर सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवावी लागते. त्यावरून थोडे वाढले तरी तो सावकाश सुरू राहतो, आणि पुढे वेग झपाट्याने वाढतो. या संशोधनाच्या आधारे १८४३ साली जलावतरण झालेल्या ब्रिस्टलच्या ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी जहाजाचा खालचा भाग काचेच्या छताखाली कोरड्या हवेत ठेवला आहे. तिथली आर्द्रता यंत्राने सुमारे २० टक्क्यांवर राखली जाते. हा पर्याय एका जहाजापुरता परवडतो, कुलपे आणि कुऱ्हाडींसाठी हवाबंद डबा पुरेसा असतो.

असा डबा घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनचा असावा. तळाशी वस्तूच्या वजनाइतके सिलिका जेल, त्यावर छिद्रे पाडलेल्या पिशवीत मऊ आधारावर वस्तू, आणि आत आर्द्रता दाखवणारी पट्टी. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा डबा वारंवार उघडला, तर जेल लवकर तृप्त होते. पट्टीचा रंग बदलला की जेल भट्टीत तापवून कोरडे करतात, थंड झाल्यावर परत ठेवतात. डब्यावर वस्तू कुठे, कधी, किती खोलीवर मिळाली आणि तिच्यावर कोणती प्रक्रिया, कोणता लेप केव्हा दिला, हे न पुसणाऱ्या शाईने लिहितात. पट्टी महिन्यातून एकदा आणि वस्तू वर्षातून एकदा पाहतात. घामाचे थेंब किंवा ताजी केशरी भुकटी दिसली, तर लेप उतरवून मीठ काढण्याचे काम पुन्हा सुरू करावे लागते.