थोरांचे घर

मुलांनो, संयुक्त अरब अमिराती हा समुद्रकाठचा वाळवंटी देश आहे. दुबई, अबू धाबी, शारजा ही त्यातील मोठी शहरे. आपल्याकडची अनेक कुटुंबे नोकरीसाठी तेथे राहतात. या देशातील उंच इमारतींची चित्रे तुम्ही पाहिली असतील. आज आपण तेथील एका वेगळ्या घराची माहिती घेऊ.

तेथील आजी-आजोबा बहुधा मुला-नातवंडांबरोबरच राहतात. पण काहींना जवळचे कोणी नसते. काहींचे आजारपण असे असते, की घरच्यांना त्यांची सेवा झेपत नाही. त्यांच्यासाठी शारजामध्ये एक गृह आहे. तेथील सरकारचे समाजसेवा खाते ते चालवते. या देशाच्या सरकारने २०१८ साली वृद्धांसाठी नवे नाव ठरवले. ‘किबार अल्-मुवातिनीन’ असे ते अरबी नाव आहे. ‘किबार’ म्हणजे थोर, मोठे आणि ‘मुवातिनीन’ म्हणजे नागरिक. पुढच्याच वर्षी त्यांच्या हक्कांचा कायदाही झाला.

वृद्धांच्या घराची रचना विचारपूर्वक करावी लागते. दाराला उंबरा नको, कारण पाय अडखळतो. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी हवी. फरशी घसरडी नको. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. एकदा पडले की अंथरूण धरावे लागते.

जे अंथरुणावरच असतात, त्यांना परिचारिका दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवतात. तसे केले नाही तर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा हे काम चुकवता येत नाही. पाणी पाजणे हेही एक कामच असते. उतारवयात तहान लागलेली कळत नाही आणि तेथील उन्हाळा तर फार कडक! म्हणून न मागता पेला पुढे करायचा.

पण प्रत्येक गोष्ट दुसऱ्याने करायची नसते. एखाद्या आजोबांना सदऱ्याची गुंडी लावायला दहा मिनिटे लागतात. आपल्याला वाटते, चटकन लावून द्यावी. चांगली परिचारिका मात्र थांबते. बोटे वापरली नाहीत तर ती आखडतात. शिवाय, आपले काम आपण केले, हे समाधान आजोबांना कोण देणार?

या देशात अनेक परिचारिका केरळातून आलेल्या आहेत. अरबी आजी-आजोबांशी त्या कसे बोलत असतील? गंमत अशी, की तेथील कितीतरी वृद्धांना थोडेफार हिंदी येते. पूर्वी तेथील मोती मुंबईच्या बाजारात विकायला येत. १९६६ सालापर्यंत तेथे रुपये चालत असत. त्या वेळी तेथे आजच्यासारख्या उंच इमारतीही नव्हत्या. ज्यांचे बालपण त्या काळात गेले, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

काही वृद्धांना विसरण्याचा आजार होतो. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. पण लहानपणीची होडी आठवते. ते आईची वाट पाहत बसतात. “तुमची आई केव्हाच वारली,” असे सांगितले, तर त्यांना ते दुःख नव्याने होते. त्यापेक्षा जवळ बसावे आणि विचारावे, “तुमची आई काय काय रांधत असे?” मग ते सांगू लागतात.

असे आजोबा भेटायला आलेल्या नातवाचे नावही विसरतात. नातवाला वाईट वाटते. तरी तो शेजारी बसतो. खजूर येतात. वेलदोडा घातलेली कॉफी येते. तिला तेथे ‘गहवा’ म्हणतात. बिनकानाच्या लहानशा पेल्यात ती पुन्हा पुन्हा ओततात. पुरे झाली, असे तोंडाने सांगायचे नसते. पेला हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा, अशी तेथील रीत. आजोबा दोन पेले पितात आणि तिसऱ्या वेळी हात आपोआप पेला हलवतो. नातूही आपला पेला हलवतो. आजोबा त्याच्याकडे पाहून हसतात.