मासळीच्या धंद्याचे न दिसणारे भांडवल

ठाणे, मुंब्रा, कल्याण, भिवंडीच्या बाजारात मासळीचे भाव चढले की आपण दलालाला किंवा डिझेलला दोष देतो. ती कारणे असतातच. परंतु समुद्रातील मूळ भांडवलाकडे आपल्या व्यापारी बांधवांचे लक्ष जात नाही, म्हणून आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

हे भांडवल म्हणजे वनस्पती प्लवक, पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती. त्या सुट्या दिसत नाहीत. दाटी झाली की पाणी हिरवट दिसते. सूर्यप्रकाश आणि पाण्यातील क्षार यांवर त्या वाढतात. तारली त्या थेट खाते, कालवे पाण्यातून गाळून घेतात. जवळा त्यांच्यावर पोसला जातो आणि जवळ्यावर बोंबील. म्हणजे सुक्या मासळीच्या वखारीचा हिशेबही इथूनच सुरू होतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत हे प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे त्यांना आढळले. कारण, समुद्र तापतो आहे. गरम पाणी हलके, ते वरच राहते आणि खालच्या थंड पाण्यातील क्षार वर येत नाहीत. गोदामात माल भरलेला आहे, पण दुकानात पोहोचत नाही, अशी ही गत आहे.

आपल्या खाडीत दुखणे नेमके उलटे आहे. अंबरनाथ-उल्हासनगरकडून येणारी वालधुनी आणि भिवंडीची कामवारी शहरांचे सांडपाणी घेऊन उल्हास खाडीला मिळतात. ठाणे खाडीतही मैलापाणी आहेच. त्यातील नत्र आणि स्फुरद शेवाळाला खताप्रमाणे लागू पडतात. १९९० च्या दशकापासून ठाणे खाडीत येणारे रोहित पक्षी या शेवाळावरच ताव मारतात. २०१५ साली तिथे अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पक्षी पाहून आनंद होतो, पण वाढलेले शेवाळ म्हणजे बरकत नव्हे. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते आणि मासा एकतर मरतो किंवा खाडी सोडतो.

येथे आपलाही हिशेब द्यावा लागेल. कापडाच्या छपाईत युरिया वापरतात, त्यात नत्र असते. सायझिंगची खळ धुऊन नाल्यात गेली की ती कुजताना प्राणवायू खाते. मटण-कोंबडीच्या दुकानातील रक्त आणि आतडी गटारात गेली तरी परिणाम तोच. हे धंदे आपल्या हजारो घरांची रोजीरोटी आहेत. ते बंद व्हावेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु रंगाचे पाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवणे, खळ मोजून वापरणे, दुकानातील टाकाऊ भाग वेगळा देणे, एवढे तरी हातात आहे. एकट्या छोट्या कारखानदाराला खर्च झेपत नसेल तर चारजणांनी मिळून सोय करावी आणि महापालिकेकडेही मैलापाणी शुद्ध करण्याचा आग्रह धरावा.

समुद्राचे तापणे कल्याणच्या बाजारपेठेतून थांबणार नाही. नाला मात्र आपल्याच दारातून वाहतो. साचलेल्या पाण्यात घाण करू नये ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. ती वजूच्या हौदापुरती न ठेवता खाडीपर्यंत न्यावी, कारण त्याच खाडीवर आपल्यातील अनेकांची चूल पेटते.