विमानाचे ठिगळ आणि न दिसणारा दोष

क्युबातील वाराडेरो येथून कॅनडातील क्युबेक शहराकडे निघालेले एअर ट्रान्झॅट कंपनीचे एअरबस ए-३१० विमान ६ मार्च २००५ रोजी सुमारे ३५ हजार फूट उंचीवर असताना अचानक मोठा आवाज झाला आणि विमान हेलकावे खाऊ लागले. वैमानिकांनी ते माघारी वळवून वाराडेरोला सुखरूप उतरवले, तेव्हा शेपटीवरील उभे सुकाणू जवळजवळ संपूर्ण नाहीसे झाल्याचे आढळले. विमानात २७१ जण होते. सुकाणूचे आवरण आतील मधाच्या पोळ्यासारख्या गाभ्यापासून सुटले असावे किंवा गाभाच फाटला असावा, असा निष्कर्ष कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. त्याहून गंभीर बाब म्हणजे, ठरवून दिलेली तपासणीची पद्धत असे दोष वेळेत शोधण्यास अपुरी असल्याचे या चौकशीत स्पष्ट झाले.

हे सुकाणू धातूचे नव्हते, तर 'कंपोझिट' म्हणजेच संमिश्र साहित्याचे होते. कार्बनच्या बारीक तंतूंचे थर राळेत भिजवून, एकावर एक रचून आणि उष्णता व दाब देऊन हे साहित्य घडवले जाते. ते वजनाला हलके असते, गंजत नाही आणि इंधनाची बचत करते. त्यामुळे त्याचा वापर झपाट्याने वाढला. बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा, तर एअरबस ए-३५० मध्ये त्याहून थोडा अधिक वाटा कंपोझिटचा आहे. साहजिकच, अशा विमानांना इजा झाल्यास ती दुरुस्त कशी करायची आणि दुरुस्ती चांगली झाली हे ओळखायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक प्रवाशाच्या सुरक्षेशी निगडित आहे.

वरून ठीक, आतून खिळखिळे

अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर आघात झाला, की पोचा पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कंपोझिटचे तसे नाही. सामान वाहून नेणारी गाडी घासली, हातातून अवजार पडले किंवा गारांचा मारा झाला, तर पृष्ठभागावर जेमतेम खूण उमटते. आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. माठ विकत घेताना टिचकी मारून त्याचा नाद ऐकावा, त्याप्रमाणे तंत्रज्ञ पृष्ठभागावर हलके ठोकून आवाज ऐकतात. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर शंका. मात्र खोलवरचे दोष या पद्धतीने निसटतात. तेथे ध्वनातीत लहरींची तपासणी करावी लागते.

दुरुस्तीचे शास्त्र

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बोल्टने ठिगळ बसवणे आणि दुसरा म्हणजे चिकटवणे. चिकटवण्याच्या पद्धतीत खराब भाग काढून कडा अगदी मंद उताराने घासल्या जातात. एक मिलिमीटर खोलीसाठी साधारणतः २० ते ५० मिलिमीटर उतार ठेवावा लागत असल्याने लहानशा इजेची दुरुस्ती बरीच मोठी होते. त्यानंतर मूळ रचनेतील तंतूंच्या दिशेनुसार नवे थर मांडून, वर हवाबंद पिशवी लावून आतील हवा खेचून घेतली जाते आणि ठरावीक तापमानाला जोड पक्का केला जातो.

यातील प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते. राळ मुरवलेले तंतूंचे कापड साधारणतः उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. ते किती तास बाहेर राहिले, याची नोंद चुकली तर कापड निकामी ठरते. थंडगार गुंडाळी घाईने उघडली, तर तिच्यावर दव धरते. जुन्या भागात मुरलेला ओलावा नीट वाळवला नाही किंवा पृष्ठभागावर हाताचा तेलकटपणा राहिला, तरी जोड कच्चा राहतो.

खरी अडचण पुढेच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असूनही घट्ट चिकटलेले नसतील, तर ध्वनातीत लहरींनाही त्यात दोष दिसत नाही. जोडात पोकळी आहे की नाही हे यंत्र सांगते; तो किती ताण सोसेल, हे सांगत नाही. म्हणजेच दुरुस्तीची गुणवत्ता नंतर तपासून सिद्ध करता येत नाही. ती काम करतानाच साधावी लागते.

नियमांची भिंत, माणसांचा भरवसा

नियामकांनी ही मर्यादा ओळखली आहे. चिकटवलेले ठिगळ पूर्णपणे निकामी झाले, तरी उड्डाणात अपेक्षित असलेला कमाल भार उरलेल्या रचनेने पेलला पाहिजे, असे त्यांचे धोरण आहे. महत्त्वाच्या भागांवर किती मोठे ठिगळ चिकटवता येईल, याला त्यामुळे आपोआप मर्यादा येते.

तरीही प्रश्न संपत नाहीत. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने २०११ मधील अहवालात चार चिंता मांडल्या होत्या: या रचनांच्या वर्तनाविषयीची अपुरी माहिती, साहित्याच्या वेगळ्या गुणधर्मांमुळे येणाऱ्या तांत्रिक अडचणी, दुरुस्तीचे साहित्य व पद्धती यांतील प्रमाणीकरणाचा अभाव आणि प्रशिक्षण व जागरूकतेची उणीव. दुसरीकडे, मोठी दुरुस्ती अशक्य नाही, हेही दिसून आले आहे. जुलै २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उभ्या असलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या ७८७ विमानाचा मागील भाग आगीत होरपळला होता. दुरुस्तीनंतर ते विमान त्याच वर्षअखेरीस पुन्हा सेवेत आले.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. एअर इंडियाकडे २०१२ पासून ७८७ विमाने आहेत आणि बोइंगने उभारलेले देखभाल-दुरुस्ती केंद्र नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ साली सुरू झाले. यंत्रे व कार्यशाळा पैशाने उभ्या राहतात. शिस्त मात्र रोजच्या कामातून रुजवावी लागते. विमानतळावर गाडी विमानाला घासली, तर खूण दिसो वा न दिसो, ती नोंदवणारा चालक आणि कापडाची मुदत संपली म्हणून ते बाजूला ठेवणारा तंत्रज्ञ, हे दोघेही सुरक्षेचे पहारेकरी आहेत. विमान उशिरा सुटले तरी चालेल, पण खरे सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, असे वातावरण निर्माण करणे ही कंपन्यांची आणि नियामकांची जबाबदारी आहे. न दिसणाऱ्या दोषावर अखेर तोच उपाय आहे.