झोपेत दात खाणे : एक प्रयोग व एक दुखणे

झोपलेले मूल मराठीत दात 'खाते', हिंदीत ते दात 'पीसते'. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कामगारवस्त्यांत हे दोन्ही प्रयोग शेजारीशेजारी ऐकू येतात. मराठीतील 'दातओठ खाणे' आणि हिंदीतील 'दाँत पीसना' हे संतापाचेही वाचक आहेत. त्यामुळे मूल विनाकारण रागीट ठरते. १९०७ साली फ्रेंचमध्ये ग्रीक धातूवरून घडविलेली वैद्यकीय संज्ञाही उन्मादच सुचवीत होती, हे विशेष! जंतांची समजूत तर घरोघरी आढळते. तीस भक्कम आधार नाही.

खरी अडचण पुढेच आहे. 'जबडा' हा शब्द लहान मुलाच्या तोंडी क्वचितच येतो. चर्वणस्नायू रात्री वारंवार आवळले गेल्याने सकाळी दुखतात आणि मूल म्हणते, 'कान दुखतो'. मग कानात दोष नसताही थेंब पडतात. अशा वेळी 'कुठे दुखते?' असे विचारण्यापेक्षा 'बोट लावून दाखव' म्हणणे अधिक उपयोगी. उपचार साधेच आहेत : कोमट ओल्या फडक्याचा शेक, हलके चोळणे, काही दिवस मऊ अन्न, ठराविक वेळी झोप. कायमचे दात येता येता हा प्रकार बहुधा आपोआप थांबतो. जबडा वाढता असल्याने दातांवर आवरण बसविणे सहसा टाळतात. मूल घोरत असेल वा तोंडाने श्वास घेत असेल, तर मात्र टॉन्सिल व नाकामागील गाठी तपासून घेणे अगत्याचे आहे. तेथे 'सवय आहे, सुटेल' एवढ्यावर थांबता येत नाही.