अक्षर दिसणे आणि अक्षर असणे

संगणकाच्या पडद्यावरचे प्रत्येक मराठी अक्षर दोन रूपांत वावरते. एक रूप डोळ्यांना दिसणारे: शिरोरेषा, काना, वेलांटी, रफार. दुसरे यंत्राच्या पोटातले, म्हणजे निव्वळ एक आकडा. संगणक साठवतो, शोधतो आणि पाठवतो तो आकडाच. आकार अगदी शेवटी, माणसाला वाचता यावे म्हणून काढला जातो. हा फरक ध्यानात आला की रोजच्या वापरातली बरीच कोडी सुटतात. पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गुंता का दिसतो, पीडीएफमधून उचललेला मजकूर विस्कटून का येतो, डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधल्यावर का सापडत नाही, या सगळ्यांचे मूळ एकच आहे.

१२८ खणांचे कपाट

अमेरिकेत 1963 साली 'अॅस्की' हे मानक ठरले. त्यात प्रत्येक अक्षराला सात बिटांचा संकेतांक होता, म्हणजे एकूण 128 जागा. कॅपिटल 'ए' म्हणजे 65, 'बी' म्हणजे 66, अशी ती मांडणी. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे एवढ्यात सहज मावली. पुढे आठवा बिट वापरात आला आणि जागा 256 झाल्या. देवनागरीची अडचण वेगळी होती. तिची मूळ अक्षरे आणि स्वरचिन्हे शंभराच्या आसपास असली, तरी ती एकमेकांना जोडली की शेकडो आकार तयार होतात. क्ष, त्र, द्ध, ष्ट्र अशा प्रत्येक आकाराला स्वतंत्र खण द्यायचा म्हटला, तर 256 खणांचे कपाटही अपुरे पडते.

भारतीय तंत्रज्ञांनी यावर काढलेला तोडगा मुळात योग्य दिशेचा होता. आकारांना नव्हे, तर वर्णांना संकेतांक द्यायचे आणि जोडाक्षर घडवण्याचे काम यंत्राकडे सोपवायचे. कानपूरच्या आयआयटीत हे संशोधन सुरू झाले आणि 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत 'जिस्ट' या नावाने ते पुढे वाढले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या काळातही पडद्यावर देवनागरी उमटत असे. याच विचारातून 'इस्की' हे भारतीय मानक आले आणि भारतीय मानक ब्युरोने 1991 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला सारखीच असल्याने देवनागरीतला 'क', गुजरातीतला 'क' आणि तेलुगूतला 'क' यांना त्यात एकच संकेतांक होता. लिपी कोणती, हे वेगळ्या खुणेने कळवले जाई.

इंग्रजीच्या अंगावर मराठी अंगरखा

इस्की सरकारी कामात रुजले, पण छापखान्यांनी आणि कचेऱ्यांनी दुसरी वाट धरली. 1990च्या दशकातल्या विंडोजला आणि पानजोडणीच्या पेजमेकर या प्रोग्रॅमला भारतीय लिप्या ठाऊकच नव्हत्या. त्यांना चकवण्याची युक्ती सोपी होती. इंग्रजी अक्षराच्या खणात देवनागरीचा आकार बसवलेला फॉन्ट बनवायचा. संगणकाला वाटते आपण इंग्रजी लिहितो आहोत. वाचणाऱ्याला मराठी दिसते. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या फॉन्टांच्या मागे हेच तंत्र होते, आणि डीटीपीच्या त्या काळात मराठी वृत्तपत्रे, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके त्याच्याच बळावर निघाली.

कृतिदेवात टंकलेल्या 'मराठी' या शब्दाच्या पोटात शिरून पाहिले, तर तिथे ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे सापडतात. फॉन्ट बदलला, किंवा ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की अंगरखा गळून पडतो आणि आतली निरर्थक इंग्रजी उघडी होते. त्यात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टाची वाटणी निराळी. एकाच्या 'के'मध्ये काना, तर दुसऱ्याच्या 'के'मध्ये भलताच आकार. परिणामी एका छापखान्यातला मजकूर दुसऱ्या छापखान्यात चालेना.

नुकसान एवढ्यावर थांबले नाही. अशा मजकुरात यंत्राच्या दृष्टीने मराठी नसतेच, म्हणून तो शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, त्याचे शुद्धलेखन तपासता येत नाही. दृष्टिहीन वाचक मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात. त्यांना अशा फाइलीतून मराठी वाक्याऐवजी इंग्रजी अक्षरांची बडबड ऐकू येते. मराठीतले सुमारे दोन दशकांचे मुद्रित लेखन या पद्धतीने साठवले गेले. ते कागदावर वाचता येते, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नाही.

जगाची एक वर्णमाला

जगातल्या सर्व लिप्यांना एकाच यादीत जागा देणारे युनिकोड हे मानक ऑक्टोबर 1991 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात एकूण 11,14,112 जागा आहेत आणि त्यांपैकी दीड लाखाहून अधिक आज भरल्या आहेत. देवनागरीच्या वाट्याला 128 जागांचा मुख्य गट आला आणि त्याची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. 'क' म्हणजे 2325, 'म' म्हणजे 2350, 'ळ' म्हणजे 2355. हे आकडे पुण्यात, पॅरिसमध्ये किंवा टोकियोत, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर तेच राहतात. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर बदलत नाही.

विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आले ते 2000 सालच्या आवृत्तीपासून. सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. कोणीही, कुठल्याही यंत्रावरून लिहावे आणि ते साऱ्यांना वाचता यावे, ही त्याची रचना युनिकोडशिवाय उभीच राहिली नसती. आज मोबाइलवर जाणारा प्रत्येक मराठी निरोप युनिकोडमध्येच असतो. पाठवणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो.

आकार घडवणारा कारागीर

युनिकोडमध्ये साठते ते उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहिताना आधी 'क' साठतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते. 'महाराष्ट्र' या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात: म, हा, रा, ष्ट्र. आत दहा संकेतांक असतात, कारण शेवटचे जोडाक्षर एकटेच ष, हलन्त, ट, हलन्त, र अशा पाच तुकड्यांनी बनते. या तुकड्यांतून योग्य आकार निवडून योग्य जागी बसवणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड हे तिन्ही त्यासाठी 'हार्फबझ' हा मुक्त प्रोग्रॅम वापरतात. काना, मात्रा सुट्या पडलेल्या आणि हलन्ताचे पाय मोडलेले दिसले, की समजावे अक्षरे शाबूत आहेत, पण हा कारागीर कामावर नाही किंवा त्याला देवनागरी येत नाही.

हे काम किती नाजूक असते, याचा दाखला फेब्रुवारी 2018 मध्ये मिळाला. तेलुगूतल्या 'ज्ञा' या जोडाक्षराची एक विशिष्ट रचना निरोपातून आली की आयफोनवरील अॅप बंद पडत असे. अक्षर निरुपद्रवी होते. ते रेखाटायला बसलेला प्रोग्रॅम कोलमडत होता. अॅपलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली.

पीडीएफचा घोळही इथलाच. पीडीएफ मुख्यतः छापील पानाचे चित्र जपते, म्हणून तिच्यात घडवून झालेले आकार आणि त्यांच्या जागा असतात. त्या आकारांवरून मूळ संकेतांकांकडे परतण्याची वाट फाइलीत नीट नोंदलेली नसेल, तर दिसायला सुबक असलेल्या पानातून उचललेला मजकूर वेलांट्या उलटसुलट होऊन बाहेर येतो.

मराठीचे खास पेच

देवनागरी हिंदी, नेपाळी आणि मराठी या भाषांची सामाईक लिपी असली, तरी मराठीचे काही हट्ट तिचे स्वतःचे आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. 'आचार्यांना' बोलावले तर गुरू येतील, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाकी. हा अर्धचंद्रासारखा 'र' हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो 2353 क्रमांकाच्या 'ऱ'ला हलन्त जोडून मिळतो. साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह दिले तरीही मिळतो. दोन्ही वाटांनी दिसणारा आकार एकच, आतले आकडे वेगळे. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर साधा शोध रिकाम्या हाताने परततो.

'अॅप' आणि 'ॲप' यांचीही गत तीच. पहिल्यात 'अ'वर चंद्र वेगळा दिलेला असतो, तर दुसऱ्यात 2418 हा एकच संकेतांक असतो. हा सलग 'ॲ' युनिकोडमध्ये 2008 साली आला. तोवर जोडून लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात.

अकारविल्हे लावण्यातही मेख आहे. मराठी वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतर येतो. युनिकोडच्या यादीत तो 'ल'ला खेटून बसला आहे. केवळ आकड्यांवर भिस्त ठेवली, तर शब्दकोशाचा क्रम बिघडतो. म्हणून प्रत्येक भाषेचे क्रमाचे नियम वेगळे नोंदवून ठेवावे लागतात आणि प्रोग्रॅमने ते पाळावे लागतात. 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळण हिंदीहून निराळे असते, पण संकेतांक तेच. मराठीसाठी वेगळा आकार दाखवण्याची सोय फॉन्टामध्ये करावी लागते. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या नोव्हेंबरात प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढून अक्षरांची रूपे ठरवून दिली, तरी फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेला असेल तर पडद्यावर हिंदी वळणच उमटते.

बोटांचा प्रश्न

अक्षर आत गेल्यावर काय होते ते ठरले; ते आत घालायचे कसे, याबाबत एकमत नाही. तीन पद्धती चालू आहेत. टाइपरायटरवर शिकलेल्यांना जुनी रेमिंग्टन मांडणी हाताशी असते. तिच्यात कागदावर उमटते त्या क्रमाने, म्हणजे वेलांटी आधी, टंकले जाते. 1986 मध्ये ठरलेल्या 'इन्स्क्रिप्ट' मांडणीत डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने असतात. ती एकदा शिकली की गुजराती, बंगाली, कन्नड अशा इतर लिप्यांसाठीही बोटे त्याच जागी पडतात. तिसरी पद्धत रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी मिळवण्याची. ती शिकावी लागत नाही, म्हणून सर्वांत लोकप्रिय आहे. मात्र 'न' की 'ण', 'ल' की 'ळ' याचा निर्णय यंत्र अंदाजाने घेते आणि चुकीचा पर्याय तसाच राहून जातो. मोबाइलसाठी मुंबईच्या आयआयटीने 'स्वरचक्र' हा कीबोर्ड केला. त्यात व्यंजनावर बोट टेकले की भोवती स्वरचिन्हांचे चक्र उघडते, म्हणजे बाराखडीच बोटाखाली येते.

मराठी अक्षराचे वजन

इंटरनेटवर प्रचलित असलेल्या 'यूटीएफ-8' या साठवणपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन. 'महाराष्ट्र' हा शब्द 30 बाइट घेतो. त्याचे इंग्रजी स्पेलिंग 11 बाइटांत भागते. आजच्या साठवणुकीत हा फरक किरकोळ आहे, पण काही ठिकाणी तो खिशाला जाणवतो. एका एसएमएसची मर्यादा 140 बाइट असते. त्यात इंग्रजी 160 अक्षरे मावतात, मराठीचे 70 संकेतांक. काना-मात्राही त्यात मोजल्या जात असल्याने मराठी निरोप लवकर दोन तुकड्यांत जातो आणि मोठ्या संख्येने एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेला दुप्पट खर्च येतो.

भाषेवर चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेतही हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. ही प्रारूपे मजकुराचे छोटे तुकडे पाडून काम करतात, आणि तुकडे पाडायचे नियम इंग्रजीबहुल मजकुरावरून शिकलेली असतात. त्यामुळे तोच आशय मराठीत लिहिला की सहसा तुकडे जास्त पडतात. आणि आकारणी तुकड्यांच्या संख्येवर होते. शिवाय अशा प्रारूपांना शिकायला जो मजकूर लागतो तो युनिकोडमधलाच. जुन्या फॉन्टांत अडकलेली पुस्तके आणि मासिके त्यांच्या दृष्टीने लिहिलीच गेलेली नाहीत.

जुने कसे सोडवावे

पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 मध्ये निघाली आणि तिला युनिकोड मराठी कधीच जमली नाही. पानजोडणीसाठी तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय 2012 मध्ये आली. मधल्या काळात छापखाने जुन्या फॉन्टांना धरून राहिले, यात नवल नाही. आता ते कारण उरलेले नाही. नवा मजकूर, मग तो ग्रामपंचायतीची नोटीस असो वा संशोधन प्रबंध, जुन्या फॉन्टात टंकणे म्हणजे जन्मतःच त्याला कुलूप घालणे होय.

जुना मजकूर सोडवण्याच्या दोन वाटा आहेत. मूळ फाइल हाती असेल, तर त्या फॉन्टाची आणि युनिकोडची सांगड घालणारा परिवर्तक वापरावा. जोडाक्षरे आणि रफार मात्र नंतर डोळ्यांखालून घालावे लागतात. केवळ कागद उरला असेल, तर पान स्कॅन करून अक्षर ओळखणारा प्रोग्रॅम चालवावा. 'टेसरॅक्ट' हा मोफत प्रोग्रॅम मराठी ओळखतो. पहिली वाट अधिक बिनचूक आहे, पण ती एका गोष्टीवर अवलंबून असते: फाइल कोणत्या फॉन्टात टंकली होती ते ठाऊक असले पाहिजे. ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत, त्यांनी त्या फॉन्टाचे नाव आज फाइलीच्याच नावात लिहून ठेवावे.