काळ्या डोंगरावरचं पाणी

मेक्सिकोच्या पुएब्ला राज्याच्या सीमेवर दोन ज्वालामुखी एकमेकांना खेटून उभे आहेत. थोरला ५,६३६ मीटरचा, डोक्यावर बर्फ, अजून निद्रिस्त. स्पॅनिशमध्ये तो पिको दे ओरिसाबा. पण नाहुआत्ल भाषेतलं त्याचं जुनं नाव सित्लाल्तेपेत्ल, म्हणजे ताऱ्याचा डोंगर. धाकटा सिएरा नेग्रा, म्हणजे काळा डोंगर. उंची सुमारे ४,६०० मीटर आणि कायमचा विझलेला. इथं एक भलीमोठी दुर्बीण आहे. नाव बघून तिची जागा ठरवायची, तर ती थोरल्यावर जायला हवी होती. ती धाकट्याच्या माथ्यावर बसली. तिथवर ट्रक जातो, थोरल्याच्या बर्फावर जात नाही.

ही दुर्बीण म्हणजे लार्ज मिलिमीटर टेलिस्कोप. ५० मीटर व्यासाची एकच अवाढव्य तबकडी. मेक्सिकोची आयएनएओई ही संस्था आणि अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ यांनी मिळून ती उभारली. उद्घाटन २००६ साली झालं खरं, पण आकाशातून पहिला संकेत यायला २०११ उजाडलं आणि पूर्ण ५० मीटरचा पृष्ठभाग लागायला आणखी काही वर्षं गेली. उद्घाटनाची फीत आधी आणि काम मागाहून, हे आपल्याला काही नवं नाही.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी पाहिलेल्या वाचकाला इथं प्रश्न पडेल. तिथं ४५ मीटरच्या ३० तबकड्या शेतांच्या शेजारी, साध्या पठारावर मजेत काम करतात. मग इथंच एवढं उंच का चढायचं? उत्तर लहरींच्या लांबीत आहे. खोडदला येणाऱ्या रेडिओलहरी लांब, काही तर मीटरभराच्या. हवेतल्या बाष्पाची त्यांना फिकीर नाही. तारेच्या जाळीवरूनही त्या परततात, म्हणून तिथल्या तबकड्यांतून वारा आरपार जातो. सिएरा नेग्राची दुर्बीण मिलिमीटरभर लांबीच्या लहरी टिपते आणि बाष्प त्या गिळून टाकतं. बाष्प बहुतेक खालच्या हवेत असतं, म्हणून त्याच्या वर चढायचं. शिवाय जाळी चालत नाही. १८० पत्रे जोडून केलेल्या पृष्ठभागात केसाच्या जाडीएवढाच उंचसखलपणा खपतो. तबकडी कलली की स्वतःच्या वजनानं वाकते. तेव्हा मागच्या मोटरी एकेक पत्रा सरकवून आकार सावरतात.

एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या सात दुर्बिणींनी एकाच वेळी एम-८७ दीर्घिकेच्या मध्याकडे नजर लावली, त्यांत ही एक होती. कृष्णविवराची ती गाजलेली प्रतिमा त्यातूनच आली, १० एप्रिल २०१९ रोजी. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत वेधशाळेचं काम थांबवावं लागलं होतं. कारण आकाशातलं नव्हे, वाटेवरचं: त्या परिसरात वाढलेली गुन्हेगारी.

आता गंमत अशी, की माथ्यावरची दुर्बीण पाण्याच्या वाफेपासून पळते आणि तिच्या पायाशी, दोन ज्वालामुखींमधल्या खिंडीत, ४,१०० मीटरवर, दुसरी वेधशाळा पाण्यावरच चालते. तिचं नाव हॉक. आरसा नाही, तबकडी नाही. पन्हाळी पत्र्याच्या ३०० गोल टाक्या, प्रत्येकीत सुमारे १,९०,००० लिटर शुद्ध पाणी. म्हणजे साडेपाच कोटी लिटरच्या वर, आणि ते ट्रकांनी डोंगरावर वाहून नेलेलं. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगितलं, तर तो आधी हसेल आणि मग विचारेल, एवढ्या पाण्याचं करतात काय?

बघतात. दूर अवकाशातून येणारा गॅमा किरण वातावरणावर आदळला की कणांचा पाऊस पडतो. समुद्रसपाटीला पोचेपर्यंत तो बहुतेक विरून जातो; खिंडीत मात्र त्यातले बरेच थेंब हाती लागतात. पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊण पटीवर येतो. हे कण त्याहून वेगात घुसतात आणि निळसर चमक उठते, चेरेन्कोव्ह प्रकाश. टाकीच्या तळाशी चार प्रकाशग्राही नळ्या ती टिपतात. कोणती टाकी किती आधी चमकली यावरून किरणाची दिशा कळते. टाक्या आतून काळ्याकुट्ट आणि झाकलेल्या, त्यामुळे दिवस-रात्र, ऊन-ढग सगळं सारखंच. पृथ्वी फिरते तसं दिवसभरात दोन तृतीयांश आकाश त्यांच्यावरून सरकून जातं.

मिथुन राशीतल्या गेमिंगा या स्पंदकाचं, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्याचं, प्रकरण याच टाक्यांत तपासलं गेलं. पृथ्वीजवळ अपेक्षेपेक्षा जास्त पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन, सापडत होते आणि संशय जवळच्या गेमिंगावर होता. २०१७ साली हॉकनं त्याच्याभोवतीची गॅमा प्रभा मोजली. कण तिथून इतके संथ पसरताना दिसले, की जादाचे पॉझिट्रॉन त्याच्याकडून आपल्यापर्यंत येणं अवघडच. संशयित सुटला, खरा कोण, यावर खगोलशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.